पूर्णवेळ प्रवासासाठी मोटरहोमची बांधणी आणि मुक्कामाच्या जागांची निवड

मोटरहोमची, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीची, आखणी कागदावर उतरवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते: बाहेरून वीज, पाणी किंवा शौचालयाची सोय न घेता ही गाडी एका जागी किती दिवस उभी राहू शकली पाहिजे? जो रोज संध्याकाळी सर्व सोयी असलेल्या कॅम्पिंगच्या जागेत शिरणार आहे, त्याला लहान बॅटरी आणि बेताची टाकी पुरते. ज्याला आडवाटेच्या मोकळ्या जागेत सलग राहायचे आहे, त्याच्या बाबतीत मात्र टाकी, बॅटरी, टॉयलेट आणि ओघानेच गाडीचे वजन, सगळेच बदलते. मुक्काम कुठे आणि कसे करायचे हे आधी ठरवावे आणि त्यावरून गाडी बांधावी, असे माझे ठाम मत आहे. दोन माणसांसाठी सलग चार दिवसांचे स्वावलंबन हे नवशिक्यांनी समोर ठेवण्याजोगे उद्दिष्ट आहे. दोनच दिवसांची सोय केली, तर निम्मा प्रवास पाणी भरण्याच्या आणि टाक्या रिकाम्या करण्याच्या जागा शोधण्यात जातो. आठ दिवसांची करायला गेले, तर गाडी वजनाची मर्यादा ओलांडते.

वजनाचा हिशेब सर्वांत आधी

प्रत्येक गाडीला उत्पादकाने ठरवून दिलेली एकूण वजनाची कमाल मर्यादा असते आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलवर (चाकांच्या जोडीच्या आसावर) किती भार चालेल, हेही वेगवेगळे दिलेले असते. युरोपातील बहुतेक देशांत साध्या बी वर्गाच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यामुळे तिथली बहुतांश मोटरहोम याच आकड्यात बसवावी लागतात. मोठी बंदिस्त मालवाहू व्हॅन रिकामी असताना दोन टनांच्या आसपास भरते. पलंग, कपाटे, इन्सुलेशन (उष्णतारोधक थर), हीटर, बॅटऱ्या आणि टाक्या बसवता बसवता ती सहज २९०० ते ३००० किलोवर जाते. उरलेल्या पाचेकशे किलोंत दोन माणसे, पाणी, कपडे, किराणा, हत्यारे आणि सायकली, म्हणजे सगळा संसारच बसवायचा असतो. त्यात १०० लिटर पाण्याचेच १०० किलो होतात.

म्हणून वजनकाट्यावर तीनदा जावे: गाडी विकत घेतल्यावर रिकामी असताना, फर्निचर बसल्यावर, आणि शेवटी टाक्या भरून, सगळे सामान व माणसे आत असताना. प्रत्येक वेळी आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी आणि मग फक्त मागची चाके. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेल्याचे यातूनच कळते. मागच्या चाकांच्या मागे टांगलेले वजन तरफेसारखे काम करते: दोन ॲक्सलांमधील अंतर चार मीटर असेल आणि मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे स्टँडसह ६० किलोंच्या सायकली लावल्या, तर मागच्या ॲक्सलवर सुमारे ८२ किलोंची भर पडते आणि पुढची चाके २२ किलोंनी हलकी होतात. पुढची चाके हलकी झाली की ओल्या रस्त्यावर गाडीची पकड कमी होते. पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि जड किराणा दोन ॲक्सलांच्या मध्ये आणि जमिनीलगत असावा. वरच्या कपाटांत कपडे आणि हलक्या वस्तूच ठेवाव्यात.

टायरकडे याच वेळी पाहून घ्यावे. त्याच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात; उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर बरेचदा झिजण्याआधीच जुने होतात, कारण गाडी जास्त भाराखाली दिवसेंदिवस एका जागी उभी असते. हवेचा दाब दारावरच्या पट्टीवरून डोळे मिटून न घेता, काट्यावर आलेल्या वजनानुसार टायर उत्पादकाच्या तक्त्यातून ठरवावा.

आतली मांडणी

लाकडाला करवत लावण्याआधी गाडीच्या रिकाम्या फरशीवर चिकटपट्टीने पलंग, ओटा, टॉयलेट आणि कपाटांच्या सीमा आखाव्यात, ओट्याच्या उंचीची खोकी ठेवावीत आणि त्या आखणीत एक संपूर्ण संध्याकाळ काढावी. एकजण भांडी घासत असताना दुसऱ्याला दारातून आत येता येते का, पाऊस पडत असेल तर ओले बूट कुठे काढायचे, बसल्या जागी डोके वरच्या कपाटाला लागते का, आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावे लागते का, हे प्रश्न कागदावर सुचत नाहीत. पूर्णवेळ राहणाऱ्यांनी कायमस्वरूपी पलंगच घ्यावा, असा माझा आग्रह आहे. रोज रात्री टेबल मोडून पलंग करणे सुट्टीपुरते चालते. पण एकजण आजारी असताना दुसऱ्याला बसायलाही जागा उरत नाही, तेव्हा त्या मांडणीचा त्रास कळतो.

प्रवासात जितकी माणसे असतील तितक्या सीटबेल्टसह मंजूर झालेल्या आसनांची सोय हवी. आसने, गॅस आणि खिडक्या यांतील बदलांची नोंद व तपासणी कशी करायची, याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. ज्या देशात गाडीची नोंदणी आहे तिथले नियम आणि विमा कंपनीच्या अटी काम सुरू करण्यापूर्वी लेखी मिळवाव्यात. वर्षभर गाडीतच राहणार असल्याचे विमा कंपनीला स्पष्ट सांगावे, कारण सुट्टीपुरत्या वापराचा विमा अशा राहण्याला लागू होईलच असे नाही.

ओलावा आणि हवा

दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून एका रात्रीत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. शिवाय एक किलो प्रोपेन जळला की रासायनिक क्रियेतूनच सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते आणि फर्निचरमागे दिसणार नाही अशा जागी गंज व बुरशी धरते. त्यासाठी पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम पत्र्याला पूर्ण चिकटवून लावावा, मध्ये हवेची पोकळी ठेवू नये आणि पत्र्याच्या उघड्या फासळ्यांवरही पातळ थर द्यावा. छतावर उघडता येणारा पंखा आणि त्याच्या विरुद्ध टोकाला खाली हवा आत येण्याची वाट, ही जोडी असल्याशिवाय कितीही चांगले इन्सुलेशन पुरत नाही. थंडीत खिडकी बोटभर उघडी ठेवून हीटर थोडा जास्त चालवावा. आतली हवा कोरडी राहण्याचा तोच भरवशाचा उपाय आहे. डिझेल हीटरची ज्वलनासाठीची हवा बाहेरून यावी आणि धूर बाहेरच जावा. स्वयंपाकाच्या शेगडीवर गाडी गरम करू नये.

वीज: आधी खर्च, मग बॅटरी

गाडीत १२ व्होल्टची यंत्रणा असते, आणि दिवसाचा खर्च अँपिअर-तासांत (एक अँपिअर प्रवाह तासभर म्हणजे एक अँपिअर-तास) मांडणे सोयीचे जाते. कॉम्प्रेसरचा फ्रिज दिवसाला ४० अँपिअर-तासांच्या आसपास घेतो, लॅपटॉप आणि फोन २०, छताचा पंखा किंवा हीटरचा ब्लोअर १२, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून ८. म्हणजे एकूण ८०. दोन दिवस ऊन पडले नाही असे धरले, तर १६० अँपिअर-तास हाताशी हवेत. शिसे-आम्ल प्रकारातील एजीएम बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे ती ३२० अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे ९५ किलोंची घ्यावी लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते. तिथे २०० अँपिअर-तास पुरतात आणि वजन २५ किलोंच्या आसपास राहते. वाचलेल्या ७० किलोंत चार दिवसांच्या पाण्याचा मोठा भाग बसतो, म्हणून पूर्णवेळ प्रवाशाने लिथियमचा वाढीव खर्च सोसावा. मात्र शून्य अंश सेल्सियसखाली ही बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते. ती गाडीच्या आतल्या उबदार भागात बसवावी आणि कमी तापमानात चार्जिंग आपोआप तोडणारी संरक्षक यंत्रणा तिच्यात आहे ना, हे पाहून घ्यावे.

८० अँपिअर-तास म्हणजे साधारण १००० वॉट-तास. छतावर सपाट बसवलेले ४०० वॉटचे सोलर पॅनल चांगल्या उन्हाळी दिवशी एवढे देऊन थोडे उरवतात. हिवाळ्यात चित्र पालटते: ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास डिसेंबरमध्ये सपाट पॅनलवर पडणारे ऊन जूनच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतकेच असते. तेव्हा केवळ सोलरवर हिवाळा काढण्याचा बेत करू नये. गाडीच्या अल्टरनेटरपासून (इंजिनवर चालणाऱ्या वीजजनित्रापासून) राहत्या भागाच्या बॅटरीपर्यंत डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे त्या विजेचे व्होल्टेज बॅटरीला योग्य करून देणारा चार्जर, बसवावा. ३० अँपिअरचा चार्जर तीन तासांच्या प्रवासात दिवसभराची वीज भरून देतो. नव्या गाड्यांतील अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मधूनमधून खाली आणतात, त्यामुळे दोन बॅटऱ्या नुसत्या जोडून देणारा जुन्या पद्धतीचा साधा रिले (स्वयंचलित स्विच) त्यांच्यासोबत नीट चालत नाही. सोलरसाठी एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा नियंत्रक) घ्यावा, आणि पॅनलवर पंख्याच्या झाकणाची किंवा सामानाच्या रॅकची सावली पडणार नाही अशी छताची आखणी करावी, कारण पॅनलचा कोपरा झाकला गेला तरी त्याचे उत्पादन त्या कोपऱ्याच्या प्रमाणाबाहेर घसरते.

वायरच्या जाडीत काटकसर करू नये. फ्रिज बॅटरीपासून सहा मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर वायर लागते, असे समजू. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून पाच अँपिअर प्रवाह गेला की वाटेतच ०.७ व्होल्ट खर्ची पडतो. पहाटे बॅटरी थोडी उतरलेली असताना फ्रिजला तेवढे व्होल्टेज पुरत नाही, त्याची संरक्षक यंत्रणा कॉम्प्रेसर बंद करते, आणि मालक बॅटरी किंवा फ्रिज खराब झाला म्हणून नवा आणायला निघतो. तीच वायर ६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर तूट ०.२ व्होल्टच्या आत राहते. वायर बारीक तारांची, लवचीक असावी, कारण घरातल्या भरीव तारेची जोडणी रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होते किंवा तार तुटते. प्रत्येक टर्मिनल योग्य पकडीने दाबून झाल्यावर ते हाताने जोर लावून ओढून पाहावे. निसटायचे असेल तर ते तिथेच निसटू द्यावे. फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. म्हणून तो वायरच्या क्षमतेनुसार निवडून बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. बॅटरीच्या विजेवर घरातली उपकरणे चालवणारा २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालताना बॅटरीतून १७० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो, आणि ते काम अनुभवी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

गॅस

प्रोपेन आणि ब्यूटेन दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळती झालेला गॅस फरशीवर साचतो. सिलिंडरचे कपाट राहत्या भागापासून पूर्ण बंदिस्त असावे आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे, कधीही न झाकले जाणारे छिद्र असावे. गॅसचा अलार्म खाली, फरशीजवळ लावावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा आणि त्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर बसवावा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे. थंड प्रदेशात जाणाऱ्याने प्रोपेनच घ्यावा. अग्निशामक दाराजवळ असावा, शेगडीच्या पलीकडे नव्हे.

पाणी आणि टॉयलेट

जपून वागणाऱ्या माणसाला पिणे, स्वयंपाक, भांडी आणि झटपट अंघोळ मिळून दिवसाला १२ लिटर पुरतात, म्हणजे दोघांना १०० लिटर टाकीत चार दिवस निघतात. सांडपाण्याची टाकी जवळपास तेवढीच हवी. ती लहान असेल तर स्वच्छ पाणी शिल्लक असतानाही जागा सोडावी लागते. टाकी खाद्यवापरासाठी मान्य प्लास्टिकची, हात घालून घासता येईल एवढ्या झाकणाची घ्यावी आणि पिण्याच्या पाण्याची नळी फक्त त्याच कामासाठी ठेवावी.

चार दिवसांचा हिशेब बहुधा टॉयलेटपाशी अडतो. १८ लिटरची कॅसेट, म्हणजे टॉयलेटखालची काढून रिकामी करता येणारी टाकी, दोन माणसांना दोन ते तीन दिवसच जाते. यावर दोन उपाय आहेत: दुसरी रिकामी कॅसेट सोबत बाळगणे, किंवा मूत्र आणि घन भाग वेगळे करणारे कोरडे टॉयलेट बसवणे. दुसऱ्या प्रकारात घन भागाचा डबा आठवडाभर चालू शकतो आणि दुर्गंधीही कमी येते. पण मूत्राचा दहा लिटरचा कॅन तीन-चार दिवसांत भरतो आणि तो शौचालयातच ओतावा लागतो. कॅसेटचे रसायन कधीही गटारात, झुडपांत किंवा ओढ्यात जाऊ देऊ नये. अनेक गावांनी मोटरहोमना बंदी घातली आहे, ती अशाच ओतण्यामुळे.

मुक्कामाची जागा

आधी नियम. जर्मनीत सार्वजनिक वाहनतळावर चालकाने पुन्हा वाहन चालवण्याइतका ताजातवाना होण्यासाठी गाडीत एक रात्र झोपणे चालते, पण खुर्च्या-टेबल बाहेर मांडून कॅम्पिंग करणे चालत नाही. स्पेनमध्ये वाहतूक विभागाने हीच रेषा स्पष्ट आखली आहे: केवळ चाके जमिनीला टेकलेली असावीत, उघडलेल्या खिडक्या किंवा छत गाडीच्या मापाबाहेर जाऊ नये आणि काहीही सांडू नये, तर ती गाडी कॅम्पिंग करत नसून केवळ उभी केलेली मानली जाते. फ्रान्समध्ये मोटरहोमसाठी राखलेल्या ‘एअर’ नावाच्या जागा गावोगावी आहेत आणि जर्मनीत ‘श्टेलप्लाट्झ’; तिथे बरेचदा पाणी भरण्याची व टाक्या रिकाम्या करण्याचीही सोय असते. अमेरिकेत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या मोकळ्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवस राहता येते. न्यूझीलंडमध्ये २०२३ च्या कायद्याने स्वयंपूर्ण वाहनाच्या प्रमाणपत्रासाठी टॉयलेट गाडीत कायमचे बसवलेले असणे आवश्यक केले, म्हणजे तिथे मुक्काम कुठे करता येईल हे बांधणीच्या वेळीच ठरून जाते. युरोपातील शेंगेन देशांत (ज्यांच्या आपसांतील सीमांवर सहसा तपासणी नसते) युरोपीय संघ आणि शेंगेन गटाबाहेरच्या देशांच्या नागरिकांना व्हिसा असो वा नसो, अल्प वास्तव्यात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच तिथे राहता येते. मोठा बेत आखताना हे कॅलेंडर आधी मांडावे.

जागा शोधण्यासाठी पार्कफॉरनाइट आणि आयओव्हरलँडर ही ॲप उपयोगी पडतात, पण अभिप्रायांची तारीख आणि ऋतू पाहिल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. ऑगस्टमधल्या सुक्या गवताची स्तुती नोव्हेंबरच्या चिखलात कामाची नाही. प्रत्येक संध्याकाळसाठी एक पसंतीची जागा, तिच्यापासून वीसेक मिनिटांवर दुसरी, आणि पैसे देऊन हमखास मिळेल अशी तिसरी, एवढे दुपारीच ठरवावे. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवावेत. छतावरच्या पंख्यासह गाडीची उंची आणि आरशांसह रुंदी मोजून ते आकडे चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावेत, कारण वाहनतळांच्या प्रवेशद्वारावरचे उंचीचे अडथळे दोन मीटरच्या आसपासही असतात.

पोहोचावे अंधार पडण्यापूर्वी किमान तासभर. गाडी आत नेण्याआधी उतरून पायी एक फेरी मारावी. प्रवेशाजवळच्या पाट्या वाचाव्यात, गवताळ जागेत टाच दाबून जमीन किती रुतते ते पाहावे. जमिनीवरची चाकांची गोल गोल काळी वर्तुळे, फुटलेल्या बाटल्या आणि काचांचे तुकडे दिसले, तर तिथे रात्री गाड्या पळवणारे येतात असे समजावे. गाडीच्या खिडकीच्या काचेचे बारीक चौकोनी तुकडे चोरीची खूण असते, आणि तिथे मुक्काम करूच नये. नदीच्या कोरड्या पात्रात थांबू नये, कारण पाऊस कित्येक किलोमीटर वर पडला तरी पाणी तिथे येते. समुद्रकाठी भरतीची रेषा वाळूवरच्या शेवाळाच्या पट्टीवरून ओळखावी. झाडाखाली सावली मिळते, पण सोलर बंद पडते, आणि वाऱ्यात मोठी फांदी पडण्याचा धोका असतो. वादळी रात्री गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे, म्हणजे बाजूने बसणारे धक्के कमी होतात. मालवाहू ट्रकांच्या तळावर शीतगृहाच्या ट्रकांची यंत्रे रात्रभर चालू-बंद होत राहतात, तेव्हा त्यांच्यापासून लांबची बाजू निवडावी.

जागा पसंत पडली की गाडी बाहेर पडण्याच्या दिशेने तोंड करून लावावी आणि डोके उंचावर येईल अशी पातळी चाकांखालच्या ठोकळ्यांनी साधावी. चालकाच्या आसनावर काहीही ठेवू नये आणि किल्ली अंधारातही सापडेल अशा एकाच जागी टांगावी. अस्वस्थ वाटले, तर कारण शोधत न बसता निघावे; म्हणून ज्या रात्री निघावे लागण्याची शक्यता आहे, त्या रात्री चालकाने मद्य घेऊ नये. लहान गावात एका वेळी दोन-तीन मोटरहोमपेक्षा जास्त उभ्या असतील, तर पुढची जागा गाठणे गावकऱ्यांच्या आणि आपल्याही हिताचे असते.

चार दिवस मोकळ्या जागेत आणि एक दिवस सर्व सोयींच्या कॅम्पिंगमध्ये, असा क्रम बहुतेकांना मानवतो. त्या एका दिवशी कपडे धुवावेत, बॅटरी बाहेरच्या विजेवर पूर्ण भरावी, सांडपाण्याची टाकी धुवावी, टायरचा दाब पाहावा आणि गॅसच्या जोडण्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे.

घर सोडण्यापूर्वी किमान दोन आठवड्यांची चाचणी सफर करावी आणि त्यातले काही दिवस मुद्दाम पावसात किंवा थंडीत घ्यावेत. रोज रात्री वहीत चार आकडे लिहावेत: बॅटरी किती टक्के उरली, पाणी किती लिटर, सांडपाण्याची टाकी किती भरली आणि टॉयलेट किती. जे सर्वांत आधी संपते किंवा भरते, त्यावरच गाडीचे स्वावलंबन अवलंबून असते, आणि पुढचा खर्च तिथेच करावा. हे आकडे हाती येईपर्यंत फर्निचर स्क्रूंनीच बसवलेले ठेवावे, सरसाने चिकटवू नये आणि मोकळी राहिलेली जागा कपाटांनी भरून टाकू नये.